खाणाखुणांना मनाई

तिचं लग्न ठरलं तेव्हा मावशी म्हणाली होती, "नवऱ्याला ऐकू येत नाही, म्हणजे तुला भांडणाचं सुख नाही बघ." पहिल्या महिन्यातच तिनं मावशीला खोटं पाडलं. बहिऱ्या माणसाशी भांडायला आवाज लागत नाही एवढंच. हात लागतात, भुवया लागतात, आणि त्यानं मुद्दाम डोळे मिटून घेतले तर उशी फेकून मारावी लागते.

नवरा सुतार होता. चार वर्षांचा असताना तापात त्याचे दोन्ही कान गेले. शाळेत घातलं, पण मास्तर फळ्याकडे तोंड करून बोलायचे आणि हा त्यांच्या पाठीकडे बघत बसायचा. अक्षर असं डोक्यात शिरलंच नाही. आकडे मात्र पक्के; मोजमापात सूतभराची चूक नाही. समोरचा सावकाश बोलला तर ओठ वाचायचा. ती स्वतः शाळेचे गणवेश शिवणाऱ्या कारखान्यात काजं-बटणं करायची. दोघांनी मिळून खुणांची एक बोली तयार केली. ती कुठल्या पुस्तकात नव्हती आणि कुठल्या शाळेत शिकवत नव्हते. चिमटीनं दोरा ओढला की ती. तळहातावर रंधा फिरवला की तो. मुलगा झाला, त्याच्या हनुवटीला खळी होती, म्हणून हनुवटीवर बोट ठेवलं की मुलगा.

मुलगा बोलायच्या आधी हात हलवायला शिकला. बोलायला लागल्यावर त्याच्या लक्षात आलं की आईला तोंडानं गंडवता येतं, बाबांना नाही. बाबा ओठांकडे बघायचे, मग डोळ्यांकडे, मग हातांकडे, आणि तिन्हींचा मेळ बसला नाही की मान हलवायचे. आई मात्र लवकर पाघळायची.

पुढे तो बिस्किटांची व्हॅन चालवायला लागला. कारखान्यातून माल उचलायचा, दुकानादुकानांत टाकायचा. एका संध्याकाळी मित्राकडे दोन ग्लास झाले. परत येताना वळणावर त्यानं एका सायकलवाल्याला उडवलं. हा सायकलवाला एका मोठ्या बागेत माळी होता, काम संपवून घरी चालला होता. मुलगा व्हॅनमधून उतरला नाही, निघून आला. सकाळी पोलीस दारात उभे राहिले; माळी रात्रीतच गेला होता. रस्त्यावर सापडलेली काच व्हॅनच्या फुटक्या दिव्यात बरोबर बसली.

खटला चालला तेव्हा ती नवऱ्याशेजारी बसून कोर्टातलं बोलणं त्याच्या मांडीजवळ हळूच हातांनी सांगायची. पलीकडच्या बाकावर माळ्याची बायको बसायची. ती कुणाकडेच बघायची नाही. एक दिवस डॉक्टर साक्षीला आले. ते म्हणाले, "जखम मोठी होती, पण अर्ध्या तासात आणलं असतं तर माणूस वाचला असता."

नवऱ्यानं कोपरानं ढोसलं. काय म्हणाले?

तिनं खूण केली : जागीच गेला.

असं सांगायचं तिनं ठरवलं नव्हतं. हात आपोआप तसे वळले. मग ते निस्तरायची हिंमत झाली नाही, आणि पाच वर्षांची शिक्षा झाल्यावर तर विषयच नको वाटला.

तुरुंगाच्या फाटकाशी नियमांचा फलक होता. पहिल्या भेटीला दोघं नटूनथटून गेली आणि तिथूनच परत आली. तिचं ओळखपत्र ठीक होतं, पण नवऱ्यानं झेरॉक्स आणली होती. मूळ कार्ड घरी कपाटात. शिवाय त्यानं खाकी पँट घातली होती, आणि पहारेकऱ्यांच्या कपड्यांच्या रंगाचं काही घालून आत जाता येत नाही. खिशातल्या घडीच्या पट्टीमुळे तपासणीचं यंत्र किणकिणलं. ती काढून ठेवली तर यंत्र पुन्हा किणकिणलं. दुसऱ्या खिशात चार खिळे. खिळे काढले तर शिपाई म्हणाला, "मावशी, यांच्या कानामागे काय आहे?" कानामागे सुताराची पेन्सिल होती. ती तिथे असते हे नवरा स्वतःच विसरून गेला होता.

"पेन्सिलीनं काय होतंय हो?" तिनं विचारलं.

"काय होतंय ते मला बघायचं नाही," शिपाई म्हणाला. "फलकावर आहे. लिहायचं सामान नाही."

तिनं त्या दिवशी फलक अथपासून इतिपर्यंत वाचला, घरी येऊन आठवून वहीत उतरवला. महिन्यातून दोन शनिवार. एका वेळी दोनच माणसं, तीही यादीत नाव असलेली. वेळेआधी अर्धा तास हजर. वीस मिनिटं. खाण्याचं काही नाही, कागद नाही, फोन नाही. आणि अकरावा नियम : खाणाखुणा करू नयेत.

अकरावा नियम तिनं वाचला होता. पण तो चोराचिलटांसाठी असेल असं तिला वाटलं.

दुसऱ्या खेपेला आत सोडलं. लांबलचक खोली, ओळीनं कप्पे, प्रत्येक कप्प्यात काच आणि काचेच्या दोन्ही बाजूंना एकेक फोन. मुलगा समोर येऊन बसला. चेहरा ओढलेला, केस कापलेले, त्यामुळे कान केवढे तरी मोठे दिसत होते. त्यानं फोन उचललाच नाही. बाबांकडे बघितलं आणि दोन्ही हात वर आले : बाबा, बरे आहात? नवऱ्याचे हात उत्तराला उठले न उठले तोच मागून काठी भिंतीवर आपटली.

"हात खाली! ओ, हात खाली!"

तिनं उठून सांगितलं, "साहेब, यांना ऐकू येत नाही. आमचं घरात बोलणंच असं आहे."

शिपाई वाईट माणूस नव्हता. त्यानं तिच्याकडे बघितलं, मग छतावरच्या कॅमेऱ्याकडे. "बाई, फोनवरचं बोलणं टेप होतं. हातांचं मी कसं टेप करू? उद्या कुणी म्हणालं की यांनी आत काही निरोप दिला, तर नोकरी माझी जाते." त्यानं नोंदवहीत लिहिलं. पहिल्यांदा समज. दुसऱ्यांदा झालं तर सहा महिने भेट बंद.

तेव्हापासून ती नियमांना देवापेक्षा जास्त भ्यायली. शुक्रवारी संध्याकाळीच नवऱ्याचे सगळे खिसे उलटे करून झटकायची. त्याला गडद तपकिरी पँट शिवून घेतली आणि त्या पँटीला खिसेच ठेवले नाहीत. कप्प्यात बसला की तो दोन्ही तळहात मांड्यांखाली दाबून ठेवायचा. ती फोन धरायची, मुलाशी बोलायची, मग नवऱ्याकडे तोंड करून मुलाचं बोलणं ओठांनी सावकाश सांगायची. त्याचे डोळे कधी तिच्या तोंडाकडे, कधी काचेपलीकडे. वीस मिनिटांतली दहा अशीच खर्च व्हायची.

रांगेतल्या बायका तिला विचारून तयारी करायला लागल्या. एकीच्या चपलेला पितळी बक्कल होतं, ते तिनं दातांनी उसवून दिलं. एक नवी सून रडत होती, तिचं नाव यादीत आलं नव्हतं. हिनं तिला कुठल्या खिडकीत कुठला अर्ज द्यायचा ते सांगितलं. खिडकीतली नोंदणीवाली बाई हसून म्हणायची, "आता तुम्हीच बसा इथे, मी घरी जाते."

चौदा महिने एक डाग लागला नाही.

पण दर भेटीच्या आधी बसमध्ये नवरा तिला एकच गोष्ट सांगायचा. दोन्ही हातांनी स्टिअरिंग, मग उभा तळहात, मग भुवया वर. त्याला विचार, थांबला का नाहीस?

ती मान डोलवायची. आत गेल्यावर विचारायची, "पाठ कशी आहे रे? गादी मिळाली का? जेवतोस ना पोटभर?" हा प्रश्न तिच्या जिभेपर्यंत यायचा आणि मागे फिरायचा. वीस मिनिटांसाठी लेकरू समोर आलेलं, त्याला आणखी किती सोलायचं? परतीच्या बसमध्ये नवरा विचारायचा, काय म्हणाला? ती खूण करायची, पाठ बरी आहे म्हणाला.

एकदा त्यानं तिचे हात धरून तिच्या मांडीवर ठेवले. मग त्याचे हात हलले : थांबला का नाहीस, तर पाठ बरी आहे?

ती खिडकीबाहेर बघायला लागली.

ज्या शनिवारी सगळं बिनसलं त्या दिवशी मुलगा आल्यापासूनच चिडलेला होता. वरच्या कोर्टात केलेला अर्ज फेटाळला गेला होता. फोनवर तो मनातलं सगळं ओकत होता. "माझं नशीबच फुटकं, आई. लोक पिऊन काय काय करतात, त्यांना काही होत नाही. तो माळी त्या दिवशी त्या रस्त्यानं आला नसता तर मी आज घरी असतो."

"असू दे रे," ती म्हणाली, "होतील वर्षं भराभर."

तिनं हे नवऱ्याला सांगायचं नाही असं ठरवलं. पण सांगायची गरज पडली नाही. मुलगा आज सावकाश, एकेक शब्द तोडून बोलत होता, आणि नवऱ्यानं सगळं वाचलं होतं. त्यानं मांड्यांखालून हात काढले.

"अहो, नको," ती म्हणाली. तो तिच्याकडे बघत नव्हता.

स्टिअरिंग. उभा तळहात. भुवया.

मुलगा दचकून आधी शिपायाकडे बघायला लागला. काठी आपटली. नवऱ्यानं पुन्हा तेच केलं, हळू, लहान मुलाला विचारावं तसं. तिनं फोन खांद्यात धरून त्याचं मनगट पकडलं, पण रंधा मारून मारून दगड झालेलं ते मनगट तिला काय आवरणार? "हात खाली!" शिपाई ओरडत येत होता. "हात खाली करा!" तीही ओरडली, दोघांना एकदम, एकाला ऐकू येत नव्हतं आणि दुसऱ्यानं फोन टाकून दिला होता.

मुलाचा चेहरा एकाएकी आठ वर्षांच्या पोरासारखा झाला. त्याचे हात वर आले. थांबलो होतो. आरशात बघितलं. त्याचा हात हलत होता. मी घाबरलो. निघून आलो.

"हलत होता" ही खूण त्यानं दोनदा केली. पालथा पंजा, बोटं जेमतेम उचललेली.

दोन शिपाई त्याला घेऊन गेले. नोंदणीवाल्या बाईनं पावती फाडताना मान वर केली नाही. सहा महिने. आज्ञा मोडून पुन्हा पुन्हा खुणा केल्या, असं कारण लिहिलं होतं.

बसस्टॉपवर नवरा तिच्यासमोर येऊन उभा राहिला. कोर्टात डॉक्टर काय म्हणाले होते?

तिनं खरं सांगितलं. अर्धा तास. वाचला असता.

त्यानं मान डोलवली आणि तो बाजूला झाला. त्यानंतर अकरा दिवस त्यानं तिच्या हातांकडे बघितलं नाही. जेवायचा तो भिंतीकडे तोंड करून. ती समोर गेली तर पापण्या खाली. घरात बोलायला डोळे लागत होते, आणि ते त्यानं काढून घेतले होते. कारखान्यात ती एका दिवशी चाळीस शर्टांना उलट्या बाजूनं काजं पाडून बसली. मुकादमानं डोक्याला हात लावला.

बाराव्या दिवशी मुलाचं पत्र आलं. पत्रं ती आधी स्वतः वाचायची आणि मग त्यातलं निवडून, पाखडून नवऱ्याला सांगायची. त्या दिवशी तिनं लिफाफा न फोडताच त्याच्या कामाच्या जागी नेला. तो दाराच्या चौकटीला भोकं पाडत होता. लाकडाचा भुसा बाजूला करून ती त्याच्यासमोर खाली बसली, लिफाफा फोडला आणि एकेक ओळ वाचत हातांनी सांगायला लागली. पत्रात लिहिलं होतं की बाबांनी विचारलं ते बरं झालं. आईनं विचारलं असतं तर मी काहीतरी थाप मारली असती आणि तिनं ती खरी मानली असती. मी रोज उठतो तेव्हा तो हात दिसतो, आणि तरी मी स्वतःला सांगत राहतो की मला उगाच डांबलंय.

आईबद्दलची ओळ आली तेव्हा तिची बोटं अडखळली. मग तिनं तीही सांगितली. नवरा पहिल्यापासून बघत होता.

त्या रात्री ताट घेऊन तो तिच्यासमोर बसला.

सोमवारी अर्धी रजा टाकून ती तुरुंगाच्या खिडकीशी गेली. नोंदणीवाल्या बाईनं दबक्या आवाजात सांगितलं, "दिव्यांग माणसासाठी खास परवानगी असते. आजवर इथे कुणी मागितलीच नाही. कानाच्या डॉक्टरांचं प्रमाणपत्र आणा, अर्ज मोठ्या साहेबांच्या नावे करा." हे चौदा महिन्यांपूर्वी कुणी सांगितलं असतं तर! पण तेव्हा तिनंही विचारलं नव्हतं. फलकावर जे नाही ते विचारायचं तिच्या मनातच आलं नव्हतं.

अर्ज तीनदा परत आला. एकदा शिक्का नव्हता, एकदा तारीख चुकली, एकदा नुसताच परत आला. चौथ्यांदा साहेबांनी दोघांना बोलावलं आणि बहिऱ्यांच्या शाळेतल्या एका शिक्षिकेलाही. त्या दुभाषी म्हणून बसणार होत्या. त्यांनी पाच मिनिटं नवरा-बायकोच्या हातांकडे बघितलं आणि ओशाळून हसल्या. "साहेब, ही भाषा मला येत नाही. ही यांच्या घरातली आहे."

साहेब खुर्चीत मागे रेलले. मग म्हणाले, "ठीक. मग बाई, तुम्हीच सांगायचं. हे जी जी खूण करतील ती फोनवर मोठ्यानं बोलायची, म्हणजे टेपवर येईल. शिपाई शेजारी बसेल. एक शब्द गाळायचा नाही आणि पदरचा एक घालायचा नाही. तशी शंका जरी आली तरी परवानगी रद्द. जमेल?"

"जमेल," ती म्हणाली. आयुष्यात एवढी अवघड गोष्ट तिनं कबूल केली नव्हती.

सहा महिने पुरे झाल्यावरच्या पहिल्या शनिवारी दोघं आत गेली. काठी आपटणारा तोच शिपाई स्टुलावर बसला, मांडीवर वही. मुलगा समोर. त्यानं हात टेबलाखाली लपवले होते. नवऱ्यानं त्याला खुणेनं हात वर घ्यायला सांगितलं. "हात वर घे म्हणतायत," ती फोनमध्ये म्हणाली.

मग नवऱ्यानं बोलायला सुरुवात केली, आणि ती त्याचं बोलणं तोंडानं बोलत गेली.

"मी येत राहीन. दर खेपेला. पाय चालतील तोवर."

मुलगा रडायला लागला.

"पण माफ केलं असं मी म्हणणार नाही." इथे तिनं नवऱ्याकडे बघितलं. शिपायाचं पेन वहीवर थांबलं. "माफ केलं असं मी म्हणणार नाही," ती पुन्हा म्हणाली, "कारण ते माझ्याजवळ नाही. ते त्या माळ्याच्या बायकोजवळ आहे. तू नशीब म्हणालास. नशीब तिचं फुटलं."

"हो बाबा," मुलाच्या हातांनी सांगितलं. "हो बाबा," ती म्हणाली.

नवऱ्यानं चिमटीनं दोरा ओढला. "आणि ही तुझी आई," ती म्हणाली, आणि पुढचं काय येतंय ते तिला त्याच्या चेहऱ्यावरच दिसलं. "हिनं मला खोटं सांगितलं. तुझ्यासाठी. ते मी विसरलेलो नाही. पण दुसरं कुणी मला तुझ्यापर्यंत आणलं नसतं, तेही विसरलेलो नाही."

तिनं शब्दन् शब्द सांगितला.

शिपायानं घसा खाकरला. "त्यानंतर त्यांनी नाकाशी हात नेला. त्याचा अर्थ काय?"

"काही नाही साहेब," ती म्हणाली. "नाक पुसलं."

त्यानं तेही लिहून घेतलं.

मुलानं शिक्षा भोगली. वागणूक चांगली म्हणून चार महिने आधी सुटला. तोवर एकही शनिवार चुकला नाही आणि एकही शब्द गाळला गेला नाही. आत मार बसल्याचं मुलानं एकदा बाबांना सांगितलं, ते तिला तोंडानं बोलावं लागलं. आपल्या छातीत दुखतं हे नवऱ्यानं मुलाला सांगितलं, ते तर तिलाच आधी माहीत नव्हतं.

घरी आल्यावर सहाव्या दिवशी मुलगा म्हणाला, "आई, मला तिथे जायचंय." माळ्याच्या बायकोचं घर शोधायला फार वेळ लागला नाही. तिघं गेली. दार साखळी लावून चार बोटं उघडलं. आतून तोच चेहरा, कोर्टात कुणाकडेच न बघणारा. मुलगा दारात उभा राहून सगळं बोलला, आरशात काय दिसलं तेसुद्धा. मध्येच त्या बाईनं डोळे मिटले, पण दार लावलं नाही.

"ऐकलं," ती म्हणाली. "आता जा. पुन्हा येऊ नका."

दार बंद झालं. नवरा बायकोकडे वळला. आतल्या अंधारात त्या बाईचे ओठ त्याला दिसले नव्हते. काय म्हणाली?

मुलगा आईकडे बघत होता. तिला वाटलं, निदान शेवटचं तेवढं ठेवून द्यावं आपल्याजवळ. मग तिनं हात वर केले आणि सांगितलं. ऐकलं म्हणाली. जा म्हणाली. पुन्हा येऊ नका म्हणाली.

नवऱ्यानं मान डोलवली. तिघं जिना उतरून रस्त्याला लागली. ऊन अजून बरंच होतं, आणि बराच वेळ कुणीच हात हलवले नाहीत.